काशीगाव, मेट्रो आणि वाणिज्य विभाग : लाभ कोणाचा, भार कोणावर?

दहिसर ते काशीगाव या मेट्रो मार्गिका ९ च्या पहिल्या टप्प्यावर १४ मे २०२५ रोजी चाचणी घेण्यात आली. डिसेंबर २०१८ मध्ये पंतप्रधानांनी कल्याण येथे या मार्गिकेची पायाभरणी केली होती. दहिसर, पांडुरंगवाडी, मीरागाव आणि काशीगाव ही पहिल्या टप्प्यातील चार स्थानके होत. ज्या गावाचे नाव पूर्वी केवळ महामार्गावरील बसथांब्यावर वाचावयास मिळे, ते आता मुंबई महानगराच्या रेल्वे नकाशावर आले आहे. ही आनंदाची गोष्ट आहे, यात शंका नाही. दररोज मीरा रोड स्थानकापर्यंत रिक्षाने व पुढे लोकलच्या गर्दीतून प्रवास करणाऱ्या आपल्या माताभगिनींना आणि तरुणांना मेट्रो म्हणजे काय, हे आम्ही सांगावयास नको.

परंतु स्थानक एकटे येत नाही. केंद्र सरकारच्या २०१७ सालच्या मेट्रो रेल्वे धोरणाने स्थानकांच्या परिसरात दाट बांधकाम व्हावे, आणि वाढलेल्या जमीनमूल्याचा काही वाटा प्रकल्पाच्या खर्चासाठी वसूल व्हावा, असे तत्त्व घालून दिले आहे. त्याच वर्षी आलेल्या राष्ट्रीय धोरणाने स्थानकापासून साधारण ५०० ते ८०० मीटरचा पट्टा या दाट विकासासाठी योग्य मानला. पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि घोडबंदर रस्ता जेथे एकत्र येतात, त्या काशिमीऱ्याच्या परिसरात असा पट्टा आखला, तर त्यात कार्यालये, मॉल, हॉटेले आणि रुग्णालये यांसाठी स्वतंत्र वाणिज्य विभाग असावा, ही मागणी आज ना उद्या होणारच. ती झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तिचा अर्थ आजच समजून घेणे शहाणपणाचे ठरेल.

विभाग बदलणे म्हणजे काय?

शहराच्या विकास आराखड्यात प्रत्येक जमिनीला एक रंग दिलेला असतो. निवासी, वाणिज्य, औद्योगिक, हरित असे त्या रंगांचे अर्थ. रंग बदलल्याने माती बदलत नाही, पण तिची किंमत बदलते. ज्या गुंठ्यावर काल दोन मजली घर उभे राहू शकत होते, त्याच गुंठ्यावर उद्या पंधरा मजली कार्यालय उभे राहू शकते. महाराष्ट्रात २ डिसेंबर २०२० रोजी अधिसूचित झालेली एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मुंबई वगळता बहुतेक शहरांना, आणि म्हणून मीरा-भाईंदरलाही, लागू आहे. रस्ता जितका रुंद तितके चटईक्षेत्र अधिक, हे तिचे सूत्र आहे. त्यातही निवासी इमारतीला मूळ चटईक्षेत्रावर ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र मिळते, तर अनिवासी इमारतीला ८० टक्क्यांपर्यंत. म्हणजे नियमाचे झुकते माप आधीच वाणिज्य वापराकडे आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जमीन वाणिज्य विभागात गेली म्हणून त्यावरील जुने घर बेकायदा ठरत नाही, किंवा कोणी उद्या येऊन ते रिकामे करा असे सांगू शकत नाही. असे सांगणारा दलाल भेटला, तर त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये. मात्र शेजारच्या चार भूखंडांवर उंच इमारती उभ्या राहिल्यावर त्या घरावर येणारा दबाव खरा असतो. रेडी रेकनरचे दर चढतात. त्यामुळे कुटुंबातील वाटण्या व हस्तांतरणे महागतात. भाडेकरूंना घर सोडावे लागते, आणि अखेरीस मालकही विकून विरारच्या पुढे जातो. कायदा हाकलीत नाही, बाजार हाकलतो.

तीन उदाहरणे

वाणिज्य विभाग चांगला की वाईट, हा प्रश्न असा मोघम विचारला तर उत्तर मिळत नाही. नवी किंमत कोणाच्या हाती जाते, हा खरा प्रश्न आहे. आपल्याच महानगरातील तीन उदाहरणे त्यासाठी पुरेशी आहेत.

पहिले वांद्रे-कुर्ला संकुलाचे. १९७७ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला तेथील सुमारे ३७० हेक्टर क्षेत्रासाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. दक्षिण मुंबईतील कार्यालयांची गर्दी कमी करणे, हा हेतू होता. मिठी नदीकाठची ती बरीचशी दलदलीची जमीन होती. प्राधिकरणाने भराव घातला, रस्ते केले आणि भूखंड विकून न टाकता निविदा काढून ८० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. राष्ट्रीय शेअर बाजार तेथे गेला, २०१० साली हिरे बाजार सुरू झाला, आणि ऑक्टोबर २०२४ पासून भुयारी मेट्रोही तेथे पोहोचली. जमीन सार्वजनिक प्राधिकरणाच्या हाती असल्याने वाढलेली किंमत बव्हंशी सार्वजनिक तिजोरीत आली, हे या उदाहरणाचे बलस्थान. पण त्याची दुसरी बाजूही आहे. कलिना आणि कोळे-कल्याणच्या जुन्या पाखाड्यांतील आमच्या बांधवांना काचेच्या इमारतींचा शेजार मिळाला, पण त्या इमारतींत किती जणांना काम मिळाले, हे त्यांनाच विचारावे. आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठीच्या काठावर काय घडले, ते सर्वांस ठाऊक आहे. पाण्याची जागा भरून काढली की पाणी आपली जागा परत मागते.

दुसरे उदाहरण गिरणगावाचे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. त्या जमिनी विकसित करण्यास परवानगी देताना १९९१ च्या नियमावलीतील ५८ व्या नियमाने एक न्याय्य वाटणी घालून दिली होती. ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला. २००१ साली त्या नियमात बदल झाला. वाटणी संपूर्ण जमिनीची नव्हे, तर केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, असा त्याचा अर्थ झाला. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार? शहराचा आणि कामगारांच्या घरांचा वाटा आक्रसला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये याविरुद्ध निकाल दिला, पण ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००१ चा बदल ग्राह्य धरला. आज परळ-लोअर परळमध्ये मॉल आणि मनोरे आहेत. गिरणी कामगार मात्र कित्येक वर्षे घरांच्या सोडतीची वाट पाहत राहिले. नियमातील चार शब्द बदलले, आणि एका संपूर्ण वस्तीचे भवितव्य बदलले. नकाशापेक्षा तळटीप अधिक काळजीपूर्वक वाचावी, हा त्याचा धडा.

तिसरे उदाहरण वसईचे. १९८८ साली शासनाने वसईच्या हरित पट्ट्यावरील निर्बंध सैल केले आणि १९९० साली सिडकोला तेथे विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या रूपाने जी चळवळ उभारली, तिचा मूळ मुद्दा हाच होता की, जमिनीचा उपयोग ठरविताना त्या जमिनीवर राहणाऱ्याला कोणी विचारले काय? ती चळवळ सर्व काही वाचवू शकली नाही. पण विहिरी, बागायती आणि गावे यांबद्दल बोलण्याचा अधिकार ग्रामस्थांना आहे, हे तिने प्रशासनाला ऐकण्यास भाग पाडले. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी आपल्यातून गेले. त्यांचा प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

काशीगाव यांपैकी कोठे बसते?

काशीगावाची स्थिती वांद्रे-कुर्ला संकुलासारखी नाही. येथे मोठी सलग सरकारी जमीन नाही. लहान खातेदार, गावठाणातील घरे, सोसायट्या, औद्योगिक गाळे आणि झोपडवस्त्या असा हा मिश्र परिसर आहे. म्हणजे विभाग बदलल्याने निर्माण होणारी किंमत आपोआप लोकांच्या तिजोरीत येणार नाही. ज्याच्या नावे जमीन आहे, किंवा ज्याने ती वेळीच आणि स्वस्तात घेऊन ठेवली आहे, त्याच्या हाती ती जाईल. त्यातून काही वाटा समाजाला मिळावा अशी इच्छा असेल, तर तो नियमातच लिहून घ्यावा लागेल. जो वाटा नियमात नसतो, तो नंतर कोणी उदारपणे देत नाही.

मीरा-भाईंदरमध्ये जमिनीच्या हक्काचा प्रश्न पूर्वापार गुंतागुंतीचा आहे. खारे पाणी अडविणारे बांध घालण्याच्या निमित्ताने १८७० साली इंग्रज सरकारने मीरा, भाईंदर आणि घोडबंदर या गावांबाबत केलेला ९९९ वर्षांचा करार आजही येथील जमीन व्यवहारांत वादाचा विषय होतो. जेथे सातबारावरील नावापलीकडेही हक्क सांगणारे असतात, तेथे किंमत वाढली की वादही वाढतात. म्हणून ज्यांच्या नावे काही जमीन आहे, त्या कुटुंबांनी आपला सातबारा, फेरफार आणि मिळकत पत्रिका आताच तपासून घ्याव्यात. वारसांची नावे लागलेली नसतील, तर ती लावून घ्यावीत. भावाभावांतील जुना अबोला हा विकासकाचा सर्वांत मोठा मित्र असतो.

दुसरी गोष्ट लोकसंख्येची. १९९१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख, २००१ मध्ये ५ लाख २० हजार आणि २०११ मध्ये ८ लाख ९ हजार, अशी या शहराची वाढ झाली. क्षेत्रफळ मात्र ७९ चौरस किलोमीटरच, आणि त्यातही खाडी, मिठागरे, खारफुटी व डोंगर. बहुसंख्य लोक कामासाठी मुंबईला जातात व रात्री झोपण्यासाठी परततात. शहरातच रोजगार निर्माण व्हावा, ही अपेक्षा म्हणून रास्त आहे, आणि वाणिज्य विभागाच्या बाजूचा हा सर्वांत बळकट मुद्दा होय. त्याला विरोध करावा, असे आम्हांस वाटत नाही. महापालिकेची अडचणही समजण्यासारखी आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर जकातीसारखा हक्काचा मार्ग महापालिकांच्या हाती उरला नाही. मालमत्ता कर, बांधकाम परवानगीची शुल्के आणि शासनाची भरपाई यांवरच त्यांचा भार आहे. अशा वेळी अधिक कर देणारी वाणिज्य इमारत प्रशासनाला हवीशी वाटणारच. परंतु तिजोरीची गरज आणि नागरिकांची गरज या दोन्ही गोष्टी एकच आहेत, असे गृहीत धरता येत नाही.

ज्यांची पाळी आधीची आहे

काशीगावाबद्दल बोलताना एका वस्तीकडे डोळेझाक करता येणार नाही. तिच्या नावातच आपले ख्रिस्तमंदिर आहे, म्हणून तर मुळीच नाही. काशीचर्च आणि जनतानगर या दोन झोपडवस्त्यांसाठी २००९ साली केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण अभियानातून शहरी गरिबांसाठीच्या मूलभूत सेवा योजनेखाली पक्की घरे मंजूर झाली. लाभार्थी कुटुंबे चार हजारांहून अधिक. लोकांनी झोपड्या रिकाम्या करून दिल्या आणि ते संक्रमण शिबिरांत गेले. त्यानंतर योजना रखडली, अभियानाची मुदत संपली, आराखडे पुनःपुन्हा बदलले, निधीसाठी कर्जे काढावी लागली. दोन-तीन वर्षांच्या बोलीवर गेलेल्या कित्येक कुटुंबांची दहा वर्षांहून अधिक काळ संक्रमण शिबिरात गेली. त्या काळात तेथे मुले जन्मली, शाळेत गेली. वृद्ध माणसे घराच्या किल्लीची वाट पाहत देवाघरी गेली.

ज्या परिसरात पहिले आश्वासन पाळण्यास एवढा विलंब झाला, तेथे दुसऱ्या, अधिक भव्य आश्वासनाचा नकाशा पसरताना थोडी लाज बाळगावी, एवढीच आमची विनंती आहे. मागील पुनर्वसन पूर्ण झाल्याखेरीज त्याच भागात नव्या पुनर्विकासाला वाढीव चटईक्षेत्र देऊ नये, ही अट कोणालाही अवाजवी वाटू नये.

येथे नियमावलीतील एक बारकावा नोंदविण्यासारखा आहे. ४,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या निवासी आखणीत २० टक्के वाटा अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी ठेवण्याची जी तरतूद आहे, ती १० लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांसाठी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मीरा-भाईंदर त्या मर्यादेखाली राहते. शिवाय निव्वळ वाणिज्य प्रकल्पातून अशी घरे निघत नाहीत. म्हणजे नवा वाणिज्य विभाग परवडणारी घरे निर्माण करणार नाही, उलट घरांसाठीची जागा तेवढी कमी करील. मग त्या विभागातील हॉटेलांत भांडी घासणारे, कार्यालयांत झाडलोट करणारे, रखवाली करणारे हे लोक राहणार कोठे?

तीच गोष्ट मासळी आणि भाजी विकणाऱ्या आमच्या भगिनींची. पथविक्रेत्यांविषयीचा २०१४ चा केंद्रीय कायदा त्यांना संरक्षण देतो. प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना नियोजनात सामावून घ्यावे, असे तो म्हणतो. वाणिज्य विभाग आखताना ‘वाणिज्य’ या शब्दात टोपली घेऊन बसणारी बाईही येते काय, हे विचारले पाहिजे.

आणि डोंगर? काशीगावाच्या पाठीशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. ५ डिसेंबर २०१६ रोजी त्याभोवतीचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झाले. डोंगरउतारावरचे पाणी खाडीकडे नेणारे ओढे आणि नाले याच पट्ट्यातून जातात. मेट्रोच्या कारशेडसाठी प्रथम राई-मुर्धे-मोर्वा आणि नंतर उत्तनजवळच्या डोंगरीची जागा सुचविण्यात आली, तेव्हा शेतजमिनी आणि हजारो झाडे यांवरून दोन्हीकडील ग्रामस्थांना रस्त्यावर यावे लागले. स्थानकाचा लाभ एका गावाला आणि कारशेडचा भार दुसऱ्या गावाला, अशी वाटणी झाली तर शेजारधर्म कोठे राहिला? काशीगावकरांनी डोंगरीच्या प्रश्नाकडे परका प्रश्न म्हणून पाहू नये.

काय मागावे, कसे मागावे

मीरा-भाईंदरचा विकास आराखडा १९९७ साली मंजूर झाला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार वीस वर्षांनी त्याची सुधारणा अपेक्षित असते. सुधारित प्रारूप ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा महापालिकेत लोकनियुक्त सभागृह नव्हते. कारभार प्रशासकांकडे होता, आणि निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे शहराच्या पुढील वीस वर्षांचा नकाशा लोकांपुढे आला, त्या वेळी नागरिकांच्या वतीने बोलणारा नगरसेवक सभागृहात नव्हता. आता तो आहे. त्याला आराखडा ठाऊक आहे काय, हे विचारण्याचा मतदारांना अधिकार आहे.

विभाग बदलण्याची वाट दोन प्रकारची असते. एक, संपूर्ण आराखड्याची सुधारणा. दुसरी, अधिनियमाच्या कलम ३७ खाली होणारा किरकोळ फेरबदल. ‘किरकोळ’ या शब्दाने कोणी फसू नये. मोठमोठे बदलही या दाराने आत येतात. दोन्ही प्रसंगी राजपत्रात आणि वृत्तपत्रांत सूचना निघते, हरकती मागविल्या जातात आणि सुनावणी होते. मुदत मात्र साधारण एका महिन्याची असते. सूचना वृत्तपत्राच्या आतील पानावर बारीक अक्षरांत येते आणि आपण ती वाचेपर्यंत महिना उलटतो. म्हणून प्रत्येक धर्मग्रामात दोन-तीन जाणत्या व्यक्तींनी, विशेषतः निवृत्त शासकीय कर्मचारी, वकील व अभियंते यांनी, या सूचनांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी घ्यावी.

हरकत लिहिताना केवळ ‘आमचा विरोध आहे’ असे लिहून भागत नाही. सर्व्हे क्रमांक, नकाशातील जागा, अपेक्षित बदल आणि त्याचे कारण स्पष्ट लिहावे, पोच घ्यावी, आणि सुनावणीस जातीने हजर राहावे. आमच्या मते पुढील पाच मागण्या कोणत्याही पक्षाच्या वा धर्माच्या नागरिकाने कराव्यात, अशा आहेत.

१. काशीचर्च व जनतानगर येथील एकही पात्र कुटुंब हक्काच्या घराविना असेल, तोवर या परिसरात वाढीव चटईक्षेत्र देऊ नये.

२. गावठाणाच्या सीमा मोजून नकाशावर स्पष्ट दाखवाव्यात, आणि गावठाणातील घरांना पुनर्विकासाची सक्ती नसावी.

३. विभाग बदलातून मिळणाऱ्या अधिमूल्याचा ठरावीक भाग याच परिसरातील शाळा, दवाखाना, मंडई आणि नाले यांसाठी राखून ठेवावा, आणि तसे नियमात लिहावे.

४. ओढे, नाले आणि डोंगरउतार यांना वाणिज्य विभागातून वगळावे.

५. जुने दुकानदार, गाळेधारक आणि पथविक्रेते यांची यादी आधी करावी, इमारतींचे आराखडे नंतर मंजूर करावेत.

आरक्षित भूखंडांवरही डोळा ठेवावा. कलम १२७ अन्वये दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरही २४ महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण संपुष्टात येते. मैदान किंवा दफनभूमीसाठी राखलेली जागा अशा रीतीने निसटली, तर वाणिज्य विभागात ती पुन्हा मिळणे नाही. दफनभूमीच्या अपुऱ्या जागेचा प्रश्न आपल्या धर्मग्रामांना किती छळतो, ते वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

धर्मग्रामांच्या जमिनीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. उद्या भाव चढतील, तेव्हा ख्रिस्तमंदिरांच्या व शाळांच्या आवारांकडेही विकासकांच्या नजरा वळतील. त्या जमिनी पूर्वजांनी पूजेसाठी, शिक्षणासाठी आणि मृतांच्या विसाव्यासाठी दिल्या आहेत. इतरांना जो न्याय आपण सांगतो, तो आपल्या आवारालाही लागू आहे. तेथील कोणताही निर्णय धर्मग्रामस्थांच्या माहितीने आणि सल्ल्यानेच व्हावा.

काशीगावात कार्यालये यावीत, रोजगार यावा, आपल्या मुलामुलींना दोन तासांच्या प्रवासाऐवजी दहा मिनिटांवर काम मिळावे, अशी आमचीही इच्छा आहे. मेट्रोच्या स्थानकाला गावाचे नाव मिळाले आहे. त्या नावाचे गाव, त्यातील जुन्या घरांसह, नव्या सोसायट्यांसह आणि घराची वाट पाहणाऱ्या वस्तीसह, स्थानकाभोवती नांदत राहील की केवळ पाटीवर उरेल, हे पुढील काही वर्षांतील सूचना, हरकती आणि सुनावण्यांत ठरणार आहे. त्या सुनावणीच्या दिवशी सभागृहातील खुर्च्या रिकाम्या राहू नयेत, यासाठी हा लेखनप्रपंच.